वॉटर लिलीचे फोटो मोबाइलवर भारी, कॉम्प्युटरवर चपटे. चिरफाड करा प्लीज

सईबाई | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा मला सांभाळून घ्या, फोटोंना मात्र अजिबात घेऊ नका. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अप्रतिम, सुरेख, जोडलेले हात, फुलांचे गुच्छ सगळं मिळून झालंय आणि त्याने फोटोत काडीचा फरक पडलेला नाही.

तर आमचं कॉम्प्लेक्स घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. आत एक तळं आहे, बिल्डरने बहुतेक ब्रोशरसाठीच केलं असणार पण आता त्यात लिली मस्त पसरल्यात. जांभळ्या, पांढऱ्या आणि एका कोपऱ्यात गडद गुलाबी. काठाला कमरेएवढं रेलिंग, पलीकडे अर्ध्या भागात मेंदीचं कुंपण आणि उरलेल्या अर्ध्यात समोरचे दोन टॉवर. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ७०-३००. ट्रायपॉड घरात आहे पण तो बाहेर काढला की सिक्युरिटीवाले काका लगेच "मॅडम, शूटिंगची परमिशन?" म्हणून येतात त्यामुळे सगळं हातातच.

फोटो १: जांभळी, सकाळी अकरा वाजता, कडक ऊन, ३०० एमएम, एफ ६.३, १/१०००.
फोटो २: पांढरी, सकाळी सातच्या सुमारास, ढगाळ, २२० एमएम, एफ ८, आयएसओ ८००.
फोटो ३: फोटो १ च, लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सॅच्युरेशन, क्लॅरिटी वाढवून आणि कडेने व्हिनेट टाकून.

फूल समोर असताना किती खोल दिसतं, पाकळ्यांच्या आत पाकळ्या, आणि फोटोत एकदम चपटं, जांभळा रंग तर प्लास्टिकच्या बादलीसारखा आलाय. पाण्यात टॉवरच्या खिडक्या दिसतात त्या वेगळ्याच. सीपीएल (लेन्सवर लावायचा, चमक मारणारा पोलरायझर फिल्टर) घेऊन हे सुटेल का? सोसायटीच्या गणपतीत फोटो प्रदर्शन आहे, एक तरी १२ बाय १८ प्रिंट लावायचीच आहे.

ऐरोलीकर | रविवार, सकाळी ७:०५

सईताई, स्वागत. चिरफाड मागितलीत म्हणून स्पष्ट लिहितो.

फोटो १ उघडल्यावर माझी नजर आधी गेली वर डावीकडच्या चकाकणाऱ्या पानावर, मग खालच्या दुसऱ्या पानावर, आणि फुलावर सगळ्यात शेवटी. अकराच्या उन्हात लिलीचं पान फुलापेक्षा जास्त चमकतं, त्याला काही इलाज नाही. फोटो ३ मध्ये व्हिनेट टाकून कडा काळ्या केल्यात पण ते पान आतल्या बाजूला असल्यामुळे उलट आणखीच उठून दिसायला लागलं.

चपटेपणाचं कारण एडिटिंगमध्ये नाही, तुम्ही उभ्या राहून खाली बघत काढलंय त्यात आहे. वरून बघितलं की फूल आणि मागची पानं जवळपास एकाच अंतरावर येतात, मग लेन्स कितीही उघडा, मागचं धूसर होणार कसं? खाली बसा. डी५६०० ची स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते, ती उघडा, लाइव्ह व्ह्यू लावा आणि कॅमेरा रेलिंगच्या दांड्यांमधून पाण्यापासून जेमतेम हातभर वर धरा, पट्टा गळ्यात ठेवूनच. ऑटोफोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये हळू चालेल पण फूल काही उडून जात नाही. (खंड्या असता तर हा सल्ला दिला नसता.)

खाली बसलं की पाण्यात काय दिसतं तेही बदलतं. इतक्या खालून पाण्यात आकाश कमी आणि पलीकडचा काठ जास्त दिसतो, म्हणजे फुलाच्या मागे टॉवर असला तर खिडक्या आणि मेंदी असली तर गडद हिरवं. तुमच्याकडे दोन्ही आहेत, तेव्हा चार पावलं सरकून फूल मेंदीसमोर आणा. खिडक्या फुकटात जातील.

सीपीएलचं सांगायचं तर ते पाण्याची चमक सगळ्यात जास्त मारतं पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५-४० अंशाच्या कोनातून. म्हणजे डोळ्याची उंची दीड मीटर धरली तर दोन मीटर लांबचं फूल. अगदी खालून काढायला गेलात तर पाण्यावर त्याचा जोर कमी पडतो, आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश खातं (उजेड तिसरा-चौथा हिस्साच उरतो) तो वेगळाच. पानांवरची पांढरी चमक जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो हा फायदा आहेच, नाही म्हणत नाही. घेण्याआधी घरात कुणाचा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लेन्ससमोर धरून गोल फिरवून बघा, काय मिळणार ते दोन मिनिटांत कळेल. तुमची ७०-३०० एएफ-पी डीएक्स असेल तर ५८ एमएमचं लागतं.

तळटीप: एसी बेडरूममधून कॅमेरा सरळ खाली नेऊ नका, या हवेत काचेवर लगेच वाफ धरते. बॅग आदल्या रात्रीच गॅलरीत ठेवा.

भटकी_आत्या | रविवार, सकाळी ९:३२

मला तर तिन्ही आवडले बाई! छान छान.

रॉवाला | रविवार, दुपारी १:१५

आत्या, त्यांनी चिरफाड मागितलीये 😀

रंगाबद्दल. सई, रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) मध्ये काढलेत की जेपेग (कॅमेऱ्याने स्वतःच रंगरंगोटी केलेली फाइल)? जेपेग असेल आणि पिक्चर कंट्रोल व्हिव्हिडवर असेल तर बादली तिथेच तयार होते. जांभळ्या, गुलाबी, लाल फुलांत लाल चॅनल बाकीच्यांच्या आधी भरून वाहतो आणि नेहमीच्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीकच दिसतं. प्लेबॅकमध्ये आरजीबी हिस्टोग्राम चालू कर, लाल किंवा निळ्याची रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली दिसली की समज पाकळीवरच्या शिरा गेल्या. त्या नंतर कुठल्याही स्लायडरने परत येत नाहीत, आणि तुझं चपटं वाटणं बरंचसं हेच आहे असं मला वाटतं कारण पाकळीला खोली दिसते ती त्या शिरांमुळे आणि छटांमुळेच.

दुसरं म्हणजे तळ्याचं पाणी काळपट, पानं गडद आणि मधे एवढंसं फूल असलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवून ठेवतो. पांढऱ्या लिलीचा पार रुमाल होतो त्याने. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे ०.७ पासून सुरू कर, उन्हात उणे १.३ पर्यंत जा. पाणी काळं आलं तरी येऊ दे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस. एवढं हिरवं बघून तो प्रत्येक फोटोला वेगळाच काहीतरी निर्णय घेतो आणि जांभळा कधी निळा कधी गुलाबी होतो. डेलाइटवर ठेव, रॉ असेल तर नंतर बदलता येतंच. एडिट करताना सॅच्युरेशनला हात नको, थोडं व्हायब्रन्स पुरे. आणि रंगांच्या पॅनलमध्ये जाऊन हिरव्या-पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) खाली ओढ, पानं मागे जातात आणि फुलाला काही न करता फूल पुढे येतं. हा एकच स्लायडर शिकलीस तरी पैसे वसूल.

कुंडीतलं_तळं | रविवार, रात्री १०:४८

मी फोटोग्राफर नाही, खारघरला गच्चीत टबमध्ये लिली लावते, त्यामुळे फुलाच्या बाजूने बोलते.

फोटो २ मधली पांढरी रात्री फुलणारी दिसतेय, पानाची कड दातेरी आहे बघा. ही संध्याकाळी अंधार पडताना उघडते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत मिटायला लागते, त्यामुळे सातची वेळ बरोबर होती. जांभळीचं उलटं. ती आठ-साडेआठच्या आधी डोळे उघडतच नाही, पूर्ण उमलायला नऊ वाजतात आणि दुपारी तीन-चारला परत बंद. तेव्हा दोन्ही एकाच फेरीत काढायच्या तर आधी पांढरी, मग चहा, मग जांभळी.

आणि तुम्ही कोणीच बघितलं नाहीत म्हणून सांगते, फोटो १ मधलं फूल जुनं आहे. एक फूल साधारण तीन-चार दिवस रोज उघडतं-मिटतं. पहिल्या दिवशी मधले पुंकेसर बाहेरच्या बाजूला उभे असतात आणि मधोमध एक उघडी वाटी असते, त्यात चिकट गोडसर पाणी भरलेलं, ते चकाकतं. माश्या त्यात घसरून बुडतातसुद्धा, माझ्या टबात बऱ्याचदा मेलेली बारीक माशी तरंगताना दिसते. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी नसतं, पुंकेसर आत वळून वाटी झाकून टाकतात आणि पराग सुटतात, तेव्हा मधमाश्या जास्त येतात. म्हणजे खोली दाखवायची तर पहिल्या दिवसाचं फूल आणि मधमाशी पाहिजे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं. फोटो १ मध्ये मधला भाग बंद गठ्ठा झालाय आणि बाहेरच्या पाकळीची टोकं तपकिरी पडलीत. म्हातारं फूल चपटंच दिसणार, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष.

आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन ज्या कळीने पाण्याच्या वर मान काढलीये आणि टोकाला रंग दिसायला लागलाय ती हेरून ठेवा. सकाळी तीच.

काळी_पाटी | सोमवार, दुपारी १२:०२

एवढं कशाला. मागचं सगळं सिलेक्ट करून काळं करा, फूल एकदम पॉप होतं. माझ्या पेजवर सगळी कमळं अशीच आहेत, लाइक्स बघा.

ऐरोलीकर | सोमवार, दुपारी १२:४०

लाइक्स पडतात, मान्य. पण पाणी काढून टाकलं तर ती लिली आहे की फुलवाल्याकडची आहे काय कळणार? आणि कापलेली कड १२ बाय १८ वर लगेच उघडी पडते, पाकळीच्या भोवती ती हिरवट रेघ राहतेच. पाणी काळंच हवं तर उजेडाकडून करून घ्या, माउसकडून कशाला.

सईताई, तुमचं तळं टॉवरच्या सावलीत किती वाजेपर्यंत असतं?

सईबाई | सोमवार, रात्री ११:५५

बापरे एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, कुंडीतलं तळं ताईंचे विशेष, मी आता येता-जाता प्रत्येक फुलाच्या वाटीत वाकून बघतेय आणि लोक माझ्याकडे बघतायत.

@रॉवाला, जेपेग होते आणि हो, व्हिव्हिडच. बदललंय.

@ऐरोलीकर दादा, आमच्या पूर्वेला दोन टॉवर, त्यामुळे ऊन तळ्यावर नऊनंतरच नीट येतं. पण साडेआठच्या आसपास दोन टॉवरच्या फटीतून एक पट्टा येतो, तो सरकत सरकत मेंदीच्या बाजूच्या पानांवर जातो. अर्थात श्रावणात ऊन असलं तर. मागे येऊरचा डोंगर असल्याने संध्याकाळचा उजेडही लवकर जातो.

@काळी_पाटी, काळं मला नकोय हो, पाणी आवडतं म्हणून तर लिली काढतेय.

ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी ६:५०

मग झालं की काम! लोक स्टुडिओत दिव्यापुढे पुठ्ठे लावून जे करतात ते बिल्डरने करून दिलंय. तो पट्टा फुलावर येईल तेव्हा मेंदी आणि पाणी अजून सावलीत असणार, फुलावर एक्स्पोजर धरलंत की मागचं आपोआप जवळजवळ काळं होईल आणि तरी ते पाणीच दिसेल. पट्टा कुठल्या वेळेला कुठे असतो ते एकदा नुसतं बघून ठेवा आणि फूल त्या वाटेवरचं निवडा. वारा असेल तर शटर १/५०० च्या खाली नको. देठावर उभी असलेली फुलं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त हलतात, खालून मासे धक्के देतात ते वेगळेच.

सईबाई | रविवार, सकाळी ११:१०

मधे तीन दिवस नुसता पाऊस. आज सकाळी ऊन पडलं एकदाचं. फोटो ४ आणि ५ टाकलेत.

दोन्ही एकाच जांभळ्या फुलाचे, काल संध्याकाळी हेरलेली कळी, पहिला दिवस. रॉ, ३०० एमएम, एफ ८, १/६४०, आयएसओ ४००, उणे १. मांडी घालून बसून, रेलिंगमधून. सिक्युरिटीवाले काका आधी बघत होते, मग स्वतःच म्हणाले मॅडम त्या बाजूला अजून मोठं फुललंय.

फोटो ४ मध्ये मागे मेंदी, पाणी गडद हिरवं. फोटो ५ मध्ये मुद्दाम थोडं उजवीकडे सरकले, कारण तिथे टॉवरचं प्रतिबिंब आहे पण पाणी हलल्यामुळे खिडक्यांच्या नुसत्या नागमोडी पिवळ्या रेघा झाल्यात, त्या मला आवडल्या. सीपीएल नाही घेतलं, बाबांचा गॉगल लावून बघितला, पानं सुधारतात पण फुलाचं पाण्यातलं प्रतिबिंबही फिकं होतं, ते मला नको होतं.

एडिट फक्त: हायलाइट खाली, हिरव्याची ल्युमिनन्स खाली, थोडा क्रॉप. उजवीकडे एक सडकं पान होतं ते क्लोन करून (शेजारचं पाणी त्यावर चिकटवून) काढू का? मोह होतोय.

रॉवाला | रविवार, दुपारी १२:२५

आता कसं! फोटो ४ मध्ये पाकळीवरच्या शिरा टोकापर्यंत मोजता येतायत आणि बुडाशी जांभळा हळूहळू पांढरा होत जातो तोही राहिलाय. मधली वाटी चकाकतेय. एवढ्यावर क्लॅरिटी लावलीस तर याद राख.

कुंडीतलं_तळं | रविवार, दुपारी २:०५

वाटीत डावीकडे बारीक काळा ठिपका आहे तो धूळ म्हणून पुसू नका हं, ती माशी आहे. बुडालेली.

काळी_पाटी | रविवार, दुपारी ३:३०

४ भारी आलाय, मानलं. पण सडकं पान काढाच, सरळ उडवा.

ऐरोलीकर | रविवार, संध्याकाळी ५:४५

पानाबद्दल: सोसायटीच्या प्रदर्शनात काढलंत तर कोणाचं काही जात नाही. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम बघा. फियापच्या (फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ) नेचर विभागात चित्रातलं काही काढणं किंवा घालणं चालत नाही, आणि मुळात लावलेली संकरित झाडंच त्यात बसत नाहीत, म्हणजे ही लिली तशीही तिकडे जाणार नाही, ओपन विभागात जाईल. माझं वैयक्तिक मत, पान राहू द्या. तपकिरी आहे, सावलीत आहे, नजर तिकडे जात नाही. उलट ते काढलं तर उजवा कोपरा नुसता भकास रिकामा होईल.

नजर खरी अडकते ती दुसरीकडेच. फोटो ४ मध्ये वर डावीकडे कडेला अर्धी कापलेली एक कळी आहे, तिच्या टोकावर तोच उन्हाचा पट्टा पडलाय. ती काढायला क्लोन नको, डावीकडून थोडं कापा, फुलाच्या समोरची जागा तशीही जास्तच सुटलीये. आणि खाली उलटी गोष्ट झालीये, क्रॉप करताना प्रतिबिंबाचं टोक तुटलंय. मूळ फाइलमध्ये खाली जागा असेल तर परत घ्या. प्रतिबिंब दाखवायचं तर त्याचं टोक आणि खाली दोन बोटं पाणी पाहिजेच.

फोटो ५ च्या पिवळ्या रेघांचं मला पटलं नाही. फूल जांभळं, रेघा पिवळ्या, दोघं एकमेकांशी भांडतात. कल्पना चांगली आहे, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलावर करून बघा.

सईबाई | रविवार, रात्री ९:१८

खाली जागा आहे, परत घेतली, फोटो ६ बघा. कळी गेली, टोक आलं, सडकं पान आणि माशी दोघं राहिले.

फोटो ५ बद्दल मात्र मी ऐकणार नाहीये दादा. त्या रेघा आमच्याच बी विंगच्या खिडक्या आहेत, रोज त्या तळ्यात हलताना बघते. भांडतायत तर भांडू देत. प्रदर्शनात ६ लावते आणि ५ घरी लावते.

आता प्रिंटचं सांगा कोणीतरी. क्रॉपनंतर लांब बाजू ४१०० पिक्सेल उरलीये, १८ इंचाला पुरेल?

रॉवाला | रविवार, रात्री ९:५०

४१०० भागिले १८ म्हणजे जवळपास २२८ प्रति इंच. भिंतीवर लावून दोन पावलं लांबून बघायला मस्त पुरतं. १२ बाय १८ चं प्रमाण ३:२ आहे, क्रॉपही तसाच ठेव, नाहीतर लॅबवाला आपल्या मनाने कापेल आणि पहिलं ते प्रतिबिंबाचं टोकच जाईल.

एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्ये (स्क्रीनची नेहमीची रंगपद्धत). स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो, त्यामुळे तुझं गडद हिरवं पाणी प्रिंटमध्ये सरळ काळं येऊ शकतं. शॅडो थोड्या वर घेऊन एक कॉपी आणि आहे तशी एक, दोन्ही आधी ४ बाय ६ मध्ये काढून आण, ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघ, मग मोठी काढ. कागद मॅट सांग. मंडपात वर हॅलोजन असतात, ग्लॉसीवर लोकांना फूल सोडून आपलेच चेहरे दिसतील.

आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लॅबमध्ये गर्दी असते, आत्ताच देऊन ठेव.